वहाळावरची भिंत

“पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघू नको. गोठ्याच्या पायरीला लागलं का दावी काप. सोडत बसू नको. भिजलेल्या गाठी सुटत नाय.”

बनूबाई दर आषाढात सुनेला हे सांगायच्या. त्या देवाघरी गेल्या, पण त्या दुपारी माधवीच्या कानाशी तोच आवाज आला आणि तिनं विळा घेतला. गोठ्यात पोटरीएवढं पाणी होतं. तिनं बैलांची दावी कापली, गाईचं कापलं. वासराचं कापताना बोटाला विळा लागला तो तिला फार उशिरा कळला. गाय पुढं, मागं वासरू, अशी जनावरं आपसूक वरच्या पाड्याच्या चढाला लागली.

माणसांना मात्र असं आपसूक निघता येईना. माधवीचे सासरे हिंदुराव गुडघ्यांनी अधू. ते ओट्यावरच्या बाकावर पाय वर घेऊन बसले होते आणि पाण्याकडे अशा नजरेनं बघत होते, की जणू ते आगाऊ पाहुण्यासारखं न विचारता आत आलं होतं.

“नदीचं नाय हे,” ते म्हणाले. “नदी बांधाच्या खाली हाय अजून. हे डोंगराचं. भिंतीनं अडवलंय.”

खरं होतं ते. डोंगरातून येणारा वहाळ पूर्वी पाड्याच्या कडेनं सरळ उल्हास नदीत जाऊन पडायचा. आता मध्ये विनीतसाहेबांचं फार्महाऊस झालं होतं. साहेब राहायला अंबरनाथ पश्चिमेला. कारखान्याला सुट्टी असली की इकडे यायचे. त्यांच्या कुंपणाची भिंत वहाळाला आडवी गेली होती. पाण्यासाठी खाली पाइप ठेवला होता, पण त्यात फांद्या, पिशव्या, कुणाची तरी मोडकी खुर्ची असं सगळं जाऊन बसलं होतं. भिंतीशी पाणी फुगत होतं आणि उलटं घरांकडे फिरत होतं.

माधवीचा नवरा राजेंद्र आणि पाड्यातली दोन-चार माणसं छातीएवढ्या पाण्यात भिंतीपाशी उभी होती. पहार मारायची तर पाय ठरत नव्हते. पलीकडे मात्र कोरडं होतं. पलीकडे फार्महाऊसचा वॉचमन टेकबहादूर भिंतीच्या वरून तोंड काढून बघत होता.

“टेक, फोड रे भिंत,” राजेंद्र ओरडला. “तिकडून फोड.”

“दाजू, साब को पूछना पडेगा.” टेक राजेंद्रला दाजू म्हणायचा, त्यांच्यात थोरल्या भावाला म्हणतात तसं. “फोन नहीं लग रहा है.”

“लागणार कसा? लाइट नाय, टॉवर नाय. तू फोड. आमी हाव ना सगळे. आमी सांगू साहेबाला.”

टेकनं फोन पुन्हा कानाला लावला. मग माधवी पाण्यातून तिथवर गेली. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. देवळात आरतीलाही तिचा आवाज शेजारणीला ऐकू यायचा नाही. तिनं भिंतीवरच्या काचा सांभाळून हात टेकवला.

“टेकभाऊ, मामा आत आहेत. त्यांना चालता येत नाही. फोडा भिंत.”

टेकनं तिच्याकडे बघितलं. रोज सकाळी याच भिंतीवरून ती त्याच्या बायकोला, मनकुमारीला, दुधाची किटली द्यायची. तो खाली उतरला. पलीकडून पहारेचा आवाज यायला लागला. भिंत सिमेंट-विटांची, पण वहाळावर बांधलेली. पाया पोकळच होता. थोड्या वेळात मधला भाग कलला आणि एकदम आत गेला. पाणी असं सुटलं की राजेंद्रला खांबाला मिठी मारावी लागली.

ते पाणी साहेबांच्या हिरवळीवरून, पोहायच्या टाकीवरून, बंगल्याच्या काचेच्या दारातून गेलं. आणि त्याच्या आधी, अगदी पहिल्या लोंढ्यात, भिंतीलगतच्या वॉचमनच्या खोलीतून गेलं. मनकुमारी लेकीला काखेत घेऊन बंगल्याच्या जिन्यावर उभी होती. तिची शेगडी, तांदळाची गोणी, गादी, नवऱ्याचा कोट, सगळं तिच्यासमोरून नदीकडे गेलं. पोरगी बोट दाखवून हसत होती.

संध्याकाळी पाडा उघडा पडला. हिंदुरावांना बाकावरून उतरवलं तेव्हा ते म्हणाले, “त्या नेपाळ्याला घरी आणा. त्याचं काय राहिलं नसंल.”

टेक, मनकुमारी आणि पोरगी राजेंद्रच्या पडवीत राहायला आली.

पुराचं पाणी निघून जातं, गाळ राहतो. पुढचे दिवस सगळे गाळाचेच होते. फावड्यानं ओढायचा, घमेल्यात भरायचा, बाहेर टाकायचा. चुलीतून गाळ निघाला, पितळी देवांच्या पाटाखालून निघाला, हिंदुरावांच्या तंबाखूच्या डबीतसुद्धा निघाला. माधवीनं देव चिंचेनं घासले आणि उन्हाची तिरीप आली तशी ओट्यावर मांडले. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत सगळ्यांना चिखल्या झाल्या होत्या. मनकुमारी रात्री खोबरेल गरम करून आधी पोरीच्या पायांना लावायची, मग हिंदुरावांच्या. म्हातारा पाय आखडून घ्यायचा.

“नको ग बाय. सुनेनं कधी लावलं नाय मला.”

“तुम्ही कधी लावू दिलं?” माधवी आतून म्हणायची.

शेतात याहून वाईट होतं. लावलेलं भात गाळाखाली झोपलं होतं. रोपांचा राब वाहून गेला होता. राजेंद्र वरच्या पाड्यावर जाऊन उरलेल्या रोपांचं आवण मागून आला. कुणी दोन मुठी दिल्या, कुणी चार, कुणी नुसतंच ‘बघतो’ म्हणालं. मग पुन्हा आवणी सुरू झाली. टेक चिखलणीला बैलांमागं, बायका रोपं लावायला. मनकुमारीनं साडी गुडघ्यावर खोचली आणि न सांगता ओळीत उभी राहिली.

शेजारची करिष्मा तोंडाळ होती. “काय ग, तुमच्यात पण मागं मागंच सरकत लावतात?”

“हां दिदी. आगे जाएगा तो अपना ही लगाया हुआ कुचल जाएगा.”

“बघ. मला वाटलं डोंगरात उभ्यानंच लावत असतील.”

बायका हसल्या. मनकुमारीही हसली. मग वाकूनच, हात न थांबवता, तिनं सांगितलं की भूकंपात त्यांचं घर गेलं, शेतावर डोंगर आला. सासू त्याखाली राहिली. म्हणून ते इकडे आले. आधी उल्हासनगरला एका कपड्याच्या कारखान्यात रात्रीची राखण, मग हे फार्महाऊस.

“इथं भूकंप नाय,” करिष्मा म्हणाली. “इथं नुसता पूर.”

रविवारी विनीतसाहेब आले. बुटांवर पिशव्या बांधून ते हिरवळीवरच्या गाळातून फिरले. माणूस वाईट नव्हता. पाड्यातल्या शाळेला त्यांनी पंखे दिले होते. राजेंद्रच्या शेताकडे जाणारी बैलगाडीची वाट त्यांच्या प्लॉटमधून जायची. तिथं ते साखळी लावू शकले असते, लावली नव्हती. बंगल्यातली पाण्याची मोटार नव्हती, इन्व्हर्टर नव्हता, खुर्च्या नव्हत्या. पुरानं नेलं असेल. पण भिंतीशी येऊन ते बराच वेळ थांबले.

“विटा नदीकडच्या अंगाला पडायला हव्यात, तशा पडल्यात,” ते म्हणाले. “पण हे पहारेचे घाव आमच्या बाजूनं आहेत. टेक?”

टेक हात मागं बांधून उभा होता. “साब, गांव में पानी भर गया था. गांववालों ने बोला.”

“कोण गाववाले?”

टेकनं राजेंद्रकडे बघितलं. राजेंद्र पायानं गाळाचं ढेकूळ फोडत होता.

साहेब त्याच दुपारी निघून गेले. जाताना राजू त्यांच्या गाडीत बसून गेला. राजू हा राजेंद्रचा चुलतभाऊ. फार्महाऊसवाल्यांना माळी, मजूर, टँकर मिळवून द्यायचं काम करायचा. संध्याकाळी तो पडवीच्या बाहेरच उभा राहून राजेंद्रला म्हणाला, “साहेब कंप्लेंट देणार हाय. वॉचमननं आतून भिंत तोडली आन सामान गायब केलं. सीधी बात. आता तू मध्ये पडू नको. तोडायला सांगणारा कोण, असं निघालं तर केस आपल्यावर येल. आन तुझी वाट त्याच्या प्लॉटमधनं हाय, विसरू नको.”

“सामान पाण्यानं नेलं रे. तू बघितलंस.”

“मी काय बघितलं? मी वरच्या पाड्यावर होतो.”

माधवी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं. तिला वाटलं, उद्या यांच्याशी बोलू. मग वाटलं, ते स्वतःच बोलतील. राजेंद्र जेवला आणि कुशीवर वळून झोपला.

चातुर्मासात माधवीचं मौन असे. उठल्यापासून आंघोळ, तुळशीला पाणी, तुळशीपुढं गोपद्मं, मग पोथीचा अध्याय, गाईला घास. हे सगळं होईपर्यंत ती शब्द बोलायची नाही. बनूबाईंनीच हे व्रत तिच्या ओटीत घातलं होतं. पाडा ते मानायचा. दूध न्यायला येणारा नुसती मान हलवायचा, शेजारणी खुणेनं विचारायच्या. राजेंद्र चारचौघांत सांगायचा, “बाकीच्यांना चातुर्मासात उपास, मला चातुर्मासात आराम.” ती हसायची. त्या वेळेत तिला खरंच आतून शांत वाटायचं. घरातल्या समईची ज्योत वाऱ्याशिवाय उभी राहते तसं.

दोन दिवसांनी सकाळी ती तुळशीपुढं वाकून गोपद्मं काढत होती तेव्हा हवालदार आला. बरोबर विनीतसाहेबांचा मॅनेजर होता. अंगणात येताच मॅनेजरनं रांगोळी बघून चपला काढल्या.

“हा नेपाळी म्हणतो गाववाल्यांनी भिंत फोडायला सांगितली,” हवालदार म्हणाला. “कोणी सांगितली?”

अंगणात राजेंद्र होता, ओट्यावर हिंदुराव होते, करिष्माचा नवरा कुंपणाशी होता. करिष्माच्या नवऱ्यानं कुंपणाची काठी सरळ केली. पलीकडे बैल फुरफुरला.

“आमी आमच्या घरातनं पाणी काढत होतो साहेब,” शेवटी राजेंद्र म्हणाला. “तिकडं काय झालं, लक्ष नव्हतं.”

“ये दिदी ने भी बोला था,” टेक म्हणाला. त्यानं बोट दाखवलं नाही, नुसतं माधवीकडे बघितलं. “दिदी को पूछो.”

हवालदार वळला. माधवीच्या चिमटीत रांगोळी होती. तिनं मान वर केली.

“तिचं मौन हाय,” राजेंद्र घाईनं म्हणाला. “चातुर्मास. पूजा होईपर्यंत बोलत नाय ती. कधीच नाय. कुणालाबी विचारा.”

“असू द्या, असू द्या,” मॅनेजर म्हणाला. “देवाधर्माचं काम आहे. ताईंना नका त्रास देऊ.”

हवालदारानंही आदरानं पाऊल मागं घेतलं. माधवी वाकली आणि गोपद्माच्या पुढच्या दोन बोटांची रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. अध्याय राहिलाय, ती स्वतःशी म्हणाली. गाईचा घास राहिलाय. मग सांगते. जीप थांबेल थोडी.

जीप थांबली नाही. टेकला नीट कपडे करायचे होते. हवालदार म्हणाला, आहे तसाच चल, लग्नाला नाही जायचं. टेक उघड्या पायांनी जीपच्या मागं बसला. मनकुमारी लेकीला घेऊन धावली, जीप गेली, तेव्हा ती अंगणात आली आणि रांगोळीच्या पलीकडे उभी राहिली. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ती थांबली होती, हे माधवीनं बघितलं.

“बोलो ना, दिदी,” ती म्हणाली. “एक बार बोल देती.”

माधवीनं पोथी उघडली. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. तिनं तसाच अध्याय संपवला, गाईला घास दिला आणि तोंड उघडलं तेव्हा अंगणात तिचं ऐकायला कुणी नव्हतं.

दुपारी बांधावर भाकरी घेऊन गेली तेव्हा तिनं राजेंद्रला विचारलं, “तुम्ही नाही कसं म्हणालात?”

“मग काय म्हणायचं होतं?”

“झालं ते सांगायचं.”

“तुला बोलायला काय. साखळी लावली त्यानं, तर बैल कुठनं आणशील शेतात? आभाळातनं?” राजेंद्रनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. “आन तो सुटंल. दोन-चार दिवस बसवतील. ही माणसं कुठंबी जातात, कुठंबी काम मिळतं त्यांना. आपल्याला हितंच मरायचंय.”

“त्यांचं घर आपल्या पाण्यात गेलं.”

“मी म्हणलं का त्याला घालव?” तो चिडला. मग हळू आवाजात म्हणाला, “तू तर बोलली पण नाहीस. तू कशाला मला विचारतीस?”

तिनं भाकरीच्या फडक्याची घडी केली.

मनकुमारी त्या दिवशीही आवणीला आली. कुणी बोलावलं नव्हतं. पोरीला बांधावर छत्रीखाली बसवून ती ओळीत वाकली. करिष्मानं थट्टा केली नाही. तिच्या हातातली संपत आलेली मूठ बघून स्वतःची मूठ पुढं केली. पाऊस बारीक लागला होता. बायकांच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे कागद तडतडत होते, आणि सगळ्या मागं मागं सरकत होत्या.

संध्याकाळी राजू आला. या वेळी तो आत आला, पाटावर बसला, चहा घेतला. “मी बोललो साहेबाशी,” तो म्हणाला. “माणूस चांगला हाय. टेकनं कबूल करायचं की आपण होऊन भिंत तोडली, आन गाव सोडून जायचं. मग कंप्लेंट मागं. नायतर चोरीची केस. भाभी, समझ गई? कल सुबह चौकी पे जाके उसको समझाओ.”

“उसने चोरी नहीं की,” मनकुमारी म्हणाली.

“अरे कौन बोलता है की? खाली बोलने का, और निकलने का. गाव को वापस जाओ.”

“किधर?” तिनं विचारलं.

राजू चहाच्या कपात बघू लागला. ओट्यावरून हिंदुरावांचा खोकला आला.

दुसऱ्या दिवशी माधवी तुळशीला पाणी घालत होती. अजून गोपद्मं काढायची होती. पडवीचं दार उघडलं आणि मनकुमारी बाहेर आली. पोरगी पाठीला बांधलेली. हातात घडी केलेली घोंगडी, माधवीनं दिलेलं लुगडं, दुधाची किटली. सगळं धुतलेलं. किटली राखेनं घासलेली होती. माधवीचं मौन तिला माहीत होतं, म्हणून तिनं हाक मारली नाही. वस्तू ओट्यावर ठेवल्या, हिंदुरावांच्या पायांना हात लावला आणि अंगणातून, तुळशीला वळसा घालून, निघाली.

माधवीच्या हातात तांब्या होता. त्यातलं पाणी अर्धंच घालून झालं होतं.

“मनकुमारी,” ती म्हणाली.

ओट्यावर राजेंद्र दात घासत होता. त्याचा हात थांबला.

“तू नको जाऊस. टेकभाऊंकडून काही कबूल करून घेऊ नकोस.” माधवीचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण अंगण सकाळी इतकं शांत असायचं की तो सगळ्यांना ऐकू गेला. “भिंत फोडायला मी सांगितली. मी चौकीवर जाऊन सांगते. साहेबांनाही सांगते. टेकभाऊंना घेऊनच येते, नाहीतर तिथंच बसते. हा माझा शब्द.”

मनकुमारी वळली. तिला मराठी सगळं कळलं की नाही, कोण जाणे. तिनं पोरीचं ओझं पाठीवर सारखं केलं आणि हळूच पडवीच्या पायरीवर टेकली.

“माधवी,” राजेंद्र म्हणाला. “अग, तुझं...”

“मोडलं,” ती म्हणाली. “काल मोडायला हवं होतं. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.”

“देवाचं सोड. वाट बंद करंल तो. मग काय करशील?”

“मग लांबून जाऊ. बायकांच्या डोक्यावरून आवण जातं, खत जाईल.”

“आन बैल?”

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं, हात जोडले, आत जाऊन कोरडं लुगडं नेसली. राजेंद्र ओट्यावर तसाच उभा होता, तोंडात मशेरी, हनुवटीवर ओघळ. त्याला वाटत होतं, वडील काहीतरी बोलतील. घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. हिंदुराव भिंतीला टेकून गुडघे चोळत होते.

माधवी बाहेर आली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“सूनबाई.”

ती थांबली.

“चौकीच्या समोर टपरी हाय. येताना माझी तंबाखू आण. हितली गाळात गेली.”

“बाबा,” राजेंद्र म्हणाला.

“तुझ्याकडं मागितली व्हती मी, चार वेळा,” हिंदुराव म्हणाले, आणि पुन्हा गुडघे चोळायला लागले.

माधवीनं डोक्यावरून पदर घेतला. आत चुलीवर भात होता. मनकुमारी उठून त्याच्यापाशी गेली, हे तिनं जाताजाता बघितलं. करिष्मा अंगण झाडत होती. एवढ्या सकाळी माधवीला बोलताना ऐकून ती केरसुणी तशीच धरून उभी होती.

पाड्याच्या टोकाशी वहाळ अजून पोटरीएवढा वाहत होता. माधवीनं चपला काढून हातात घेतल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला.